मॉर्फिन तालुक्यापर्यंत पोचू द्या: राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका स्वयंसेवी संस्थेबरोबर पूर्व विदर्भातल्या गावांत जाऊन कॅन्सरच्या रुग्णांची घरच्या घरी शुश्रूषा करते. आमच्या भागात पानठेल्यापानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आहे, म्हणून घरोघरी तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झाले, शेक झाले, केमो झाली आणि शेवटी 'आता घरी न्या' असे सांगितले, असे रुग्ण प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या वेदनेबद्दल आणि त्या वेदनेवरच्या औषधाबद्दल हे पत्र लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत या रुग्णांच्या उशाशी एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ड्रॉपर असलेली छोटी तपकिरी बाटली. आत 'विजया'चे, म्हणजे भांगेच्या (गांजाच्याच झाडाच्या) पानांपासून काढलेल्या अर्काचे तेल. मोबाइलवर जाहिरात बघून मुलाने किंवा जावयाने मागवलेले असते, आणि त्यासाठी मजुरीवर जगणाऱ्या घराने हजारो रुपये मोजलेले असतात. मग मला हमखास विचारतात, "मॅडम, हे मॉर्फिनपेक्षा बरं आहे ना? अमेरिकेत मॉर्फिनसारख्या गोळ्यांनी लाखो लोक मेले म्हणे. आणि गांजा तर तिकडे आता दुकानात मिळते."

प्रश्न योग्यच आहे. त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते उत्तर एकट्या नर्सने अंगणात बसून देण्याऐवजी राज्याच्या आरोग्य खात्याने दिले पाहिजे. माझे म्हणणे आधीच सांगते. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनइतके खात्रीचे आणि स्वस्त औषध आज आपल्या हातात दुसरे नाही. गांजापासूनची औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि तरीही आमच्या तालुक्यात गांजाचे तेल घरपोच येते, मॉर्फिनची गोळी मात्र मिळत नाही.

आधी अमेरिकेचे सांगते, कारण सगळी भीती तिथून आली आहे आणि ती खोटी नाही. १९८० च्या जानेवारीत एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय (मॉर्फिन आणि त्याच्यासारखे) औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा आशय होता. ते रुग्ण दवाखान्यात, देखरेखीखाली होते. पण पुढे हे पत्र 'या गोळ्यांचे व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून शेकडो ठिकाणी दाखवले गेले. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आली आणि पाठदुखी, गुडघेदुखी, दाढ काढल्यानंतरचे दुखणे, सगळ्याला ती लिहून देण्याची चाल पडली. ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गोळ्यांची सवय लागलेली माणसे हेरॉइनकडे आणि नंतर चोरट्या बाजारातल्या फेंटानिल या फार जास्त ताकदीच्या अफूवर्गीय औषधाकडे वळली होती. २०२१ या एका वर्षात तिथे अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने ८०,००० हून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक या चोरट्या फेंटानिलने.

त्याच काळात गांजाबद्दल आशा निर्माण झाली. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: १९९९ ते २०१० या काळात ज्या राज्यांनी औषधी गांजाला परवानगी दिली, तिथे अफूवर्गीय औषधांनी होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. ही बातमी जगभर गेली, आणि माझा अंदाज आहे की आमच्या गावातल्या मोबाइलपर्यंत जी पोचली ती हीच. तिचा पुढचा भाग मात्र कोणी पोचवला नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून तोच हिशेब २०१७ पर्यंत पुढे नेला. तेव्हा चित्र पार उलटे झाले. परवानगी दिलेल्या राज्यांत मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी जास्त निघाले. गांजाने माणसे मेली असे त्या संशोधकांनीही म्हटले नाही. एवढ्या मोठ्या राज्यांच्या आकड्यांवरून एकेका रुग्णाबद्दल काही ठरवता येत नाही, पहिला निष्कर्षही तसाच डळमळीत होता, असे त्यांचे सांगणे.

एकेक रुग्ण धरून पाहणी झाली ती ऑस्ट्रेलियात. कॅन्सर सोडून इतर जुनाट दुखण्यांसाठी अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या सुमारे १,५०० माणसांना चार वर्षे नियमित विचारत राहिले. गांजा घेणाऱ्यांची वेदना कमी झाली नाही, आणि त्यांच्या अफूवर्गीय गोळ्याही कमी झाल्या नाहीत. विशेष म्हणजे 'आम्हाला गांजाने बरे वाटते' असे त्यांच्यातलेच बरेच जण सांगत होते. मी रोज रुग्णांजवळ बसते, म्हणून हे मला समजते. झोप लागली, मन थोडे दुसरीकडे गेले, तर बरे वाटतेच. ते बरे वाटणे खोटे म्हणता येणार नाही. पण दुखणे तिथेच असते.

गांजात काहीच नाही असे मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जुनाट वेदनेच्या १०० रुग्णांमागे साधारण १० जणांना नुसत्या औषधासारख्या दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या मात्रेपेक्षा जाणवण्याइतका जास्त आराम पडला. नसांच्या दुखण्यात, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यात, केमोच्या ओकाऱ्यांत याचा उपयोग होतो. केमोच्या ओकाऱ्यांसाठी तर गांजातल्या घटकासारखी बनवलेली औषधे अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत. पण मॉर्फिन घेऊनही न आटोपणाऱ्या कॅन्सरच्या वेदनेवर गांजाच्या अर्काचा तोंडात मारायचा फवारा मोठ्या चाचण्यांत आपला मुख्य दावा सिद्ध करू शकला नाही. आणि ज्या सीबीडी (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) तेलाची जाहिरात सर्वांत जोरात असते, ते ऑस्ट्रेलियात पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना देऊन पाहिले, निम्म्यांना तसेच दिसणारे साधे तेल दिले. २०२२ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. वेदनेत नाही, भुकेत नाही, मनाच्या अवस्थेत नाही. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनेसाठी गांजाजन्य औषधांच्या सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला, तो पुरावा अपुरा आहे म्हणून. यावर संशोधन व्हावे, असेच त्यांचेही म्हणणे आहे.

एका बाबतीत गांजा निःसंशय उजवा आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. मॉर्फिन मेंदूत ज्या ठिकाणी बसते, तशी ठिकाणे श्वास चालवणाऱ्या भागातही भरपूर आहेत. म्हणून मात्रा बेसुमार झाली तर श्वास मंद होतो, थांबू शकतो. गांजाचे घटक जिथे बसतात, ती ठिकाणे त्या भागात फार थोडी आहेत, म्हणून गांजाच्या अतिमात्रेने श्वास बंद पडून माणूस जात नाही. त्याचे धोके वेगळे: चक्कर, गोंधळ, नाडी वाढणे, तरुणांत आणि मानसिक आजाराची पार्श्वभूमी असलेल्यांत भ्रम, आणि काहींना सवय. म्हाताऱ्या, अशक्त रुग्णाला चक्कर येऊन तो रात्री मोरीत पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या जाहिरातीचा त्याला काय उपयोग? सीबीडी यकृतात इतर औषधांच्या वाटेतही येते, त्यामुळे फिटच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचे प्रमाण रक्तात वाढू शकते. बाटलीसोबत येणाऱ्या कागदावर हे मला अजून वाचायला मिळालेले नाही.

आता आपल्याकडचे बोलते. अमेरिकेचा रोग अतिरेकाचा होता. आपला रोग अभावाचा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने वेदनाशमनाबद्दल नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये देशोदेशींचा हिशेब मांडला. उपशामक सेवेची (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची) गरज असलेल्या एका रुग्णामागे वर्षाला अमेरिकेत ५५,७०४ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्या ताकदीचे औषध पोचत होते. भारतात ४३ मिलिग्रॅम. गरजेच्या ४ टक्के. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते: मॉर्फिनची साधी गोळी १० मिलिग्रॅमची असते आणि ती दर चार तासांनी द्यावी लागते, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम. देशातल्या एका रुग्णाच्या वाट्याला आलेले वर्षाचे मॉर्फिन एका दिवसालाही पुरत नाही.

आणि हे अशा देशात, जो औषधासाठी कायदेशीर अफू पिकवतो. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला परवानाधारक शेतकरी बोंडांना चिरा देऊन चीक काढतात, तो सरकार विकत घेते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. त्या अफूतल्या मॉर्फिनचा मोठा भाग कोडीन बनवण्याकडे जातो, खोकल्याच्या औषधांसाठी. कॅन्सरच्या रुग्णासाठी लागते ते त्या मानाने थोडेच, आणि ते थोडेही त्याच्यापर्यंत येत नाही.

असे का झाले हे आपल्या खात्याला माहीत आहे, तरी लोकांसाठी लिहिते. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. मॉर्फिनसाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले. सगळे एकाच वेळी चालू मुदतीत असले तरच माल मिळायचा. नोंदीत चूक झाली तर दहा वर्षांची शिक्षा. साहजिकच दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. कायद्यापूर्वी देशात वर्षाला काही शे किलो मॉर्फिन वापरले जाई, ते १९९७ पर्यंत १८ किलोवर आले. त्या बारा वर्षांत जे डॉक्टर आणि ज्या परिचारिका शिकून बाहेर पडल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मॉर्फिनची गोळी हातातसुद्धा घेतली नाही. मी त्याच पिढीची आहे. आम्हाला मॉर्फिन म्हणजे कपाटाला दोन कुलपे, एवढेच शिकवले होते.

२०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली. परवान्यांची ती रांग संपली. राज्याच्या औषध नियंत्रकाने एकदा 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता दिली की पुरे. त्यानंतरही आमच्यासारख्या भागात फारसे काही हलले नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी स्वतः विचारले, तेव्हा मान्यता आहे, पण साठा नाही असे कळले. साठा का नाही? मागणी नोंदवली नाही. मागणी का नाही? कोणी लिहून देत नाही. लिहून का देत नाही? साठा नाही. दुसऱ्या एका ठिकाणी गोळ्या होत्या, पण त्या लिहून देणारे डॉक्टर बदलून गेले आणि नंतर आलेल्यांना त्याची भीती वाटत होती. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना कोणी शिकवले नाही, आणि उद्या चौकशी लागली तर पाठीशी कोण उभे राहणार, हे कोणी लेखी सांगितलेले नाही.

या अभावाचा अर्थ घरात काय होतो ते एका रुग्णावरून सांगते. नाव, गाव सांगणार नाही. पन्नाशीचा शेतमजूर, जबड्याचा कॅन्सर, गालाला भोक पडलेले, नाकातून घातलेल्या नळीने पेज आणि दूध. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. आडवे झाले की ठणका डोक्यात जातो म्हणून रात्रीही तो तसाच बसायचा. गावातले डॉक्टर जमेल तसे येऊन ट्रॅमाडॉलचे आणि डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देत होते. ट्रॅमाडॉल हेही अफूवर्गीयच औषध, फक्त कमी ताकदीचे, आणि त्याची मात्रा एका मर्यादेपुढे नेता येत नाही, नेली तर झटके येऊ शकतात. डायक्लोफेनॅकने मूत्रपिंड खराब होऊ शकते. दोन्ही मेडिकलमध्ये मिळत होते, म्हणून दिले जात होते. शेजारी ती तपकिरी बाटली होतीच. बायको रोज त्याच्या जिभेखाली तेलाचे थेंब सोडायची. तोंडात उघडी जखम, त्यावर तेल. तो कळवळायचा, आणि औषध लागते आहे म्हणजे गुण येणार, अशी तिची समजूत होती.

आमच्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिले. गोळ्या आणायला त्याच्या मुलाला नागपूरला जावे लागले, एक दिवसाची मजुरी बुडवून. गोळी बारीक करून पाण्यात कालवायची आणि नळीतून द्यायची. (साधी गोळी असेल तरच कुटायची. हळूहळू सुटणारी गोळी कधीही कुटू नये, तिची सगळी मात्रा एकदम अंगात जाते. हे प्रत्येक घरात दोनदा सांगावे लागते.) सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावे लागत नाही. सोबत रोज जुलाबाची गोळी, कारण मॉर्फिनने पोट घट्ट होते आणि ते कधी आपोआप सुटत नाही. पहिले काही दिवस मळमळीचे औषध. बायकोला लिहिता येत नव्हते. तिने मुलीच्या शाळेच्या वहीत औषध दिले की दर वेळेला एक रेघ मारायची, मधेच कळ आली म्हणून जास्तीची दिली तर गोल काढायचा, असे आम्ही ठरवले. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो आडवा झोपला होता. पानावर पाच रेघा आणि एक गोल. पुढच्या आठवड्यात मात्रा थोडी वाढवली, गोल बंद झाले.

सुरू करायच्या आधी त्या बाईने मला विचारले होते, "मॅडम, थे मॉर्फिन लावलं का माणूस जातेच म्हंतात ना?" ही समजूत का पसरली हेही उघड आहे. आपल्याकडे मॉर्फिन मिळालेच तर अगदी शेवटच्या दोन दिवसांत मिळते. माणूस आजाराने जातो, आणि नाव औषधाचे होते. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत नेले तर मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. तो रुग्ण त्यानंतर काही आठवडे होता आणि त्या काळात लोकांशी पाटीवर लिहून बोलत होता. तो गेल्यावर उरलेल्या गोळ्या आम्ही घरच्यांसमोर मोजून परत घेतल्या, वहीत सही घेतली. सगळ्या घरांत आम्ही असेच करतो. व्यसनाची भीती धरून औषध बंद ठेवण्यापेक्षा ही एक वही जास्त कामाची आहे.

व्यसनाचा धोका मी हलका करत नाही. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी आणि कोडीनच्या सिरपच्या बाटल्या यांनी तिथल्या तरुणांचे काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे. पंजाबातही तेच दिसते. म्हणूनच मी म्हणते की पाठदुखीला, गुडघेदुखीला ही औषधे सरसकट लिहू नयेत. अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत जुनाट पाठदुखी आणि सांधेदुखीच्या रुग्णांना वर्षभर अफूवर्गीय औषधे देऊन पाहिली, २०१८ मध्ये निकाल आला: साध्या वेदनाशामकांपेक्षा त्यांचा जास्त उपयोग झाला नाही. तेव्हा अमेरिकेकडून घ्यायचा धडा 'मॉर्फिन वाईट' असा नाही. कोणत्या वेदनेला द्यायचे, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, आणि विकणाऱ्याला डॉक्टरच्या टेबलापासून किती लांब ठेवायचे, हा तो धडा आहे. आणि शेवटचा मुद्दा मॉर्फिनइतकाच त्या तपकिरी बाटलीलाही लागू पडतो. तिकडे कंपन्यांनी अर्धवट पुरावा पुढे करून गोळ्या खपवल्या. इथे आज अर्धवट पुरावा पुढे करूनच तेल खपवले जात आहे.

त्या तेलाची कायद्यातली जागाही लोकांना कळत नाही. अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. शेंड्याशिवायची नुसती पाने त्यात येत नाहीत. त्या वाटेने आयुर्वेदिक परवान्यावर ही तेले निघतात. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत भांगही अफूप्रमाणेच आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. मोबाइलवर दोन मिनिटे बोलून चिठ्ठी मिळते, याला देखरेख म्हणत नाहीत. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, आणि नाडी बघून, जेवणखाण विचारून औषध देणारे वैद्यही मी जवळून पाहिले आहेत. माझा राग आहे तो कॅन्सरच्या रुग्णाच्या मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातीवर. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानुसार कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. आमच्या रुग्णांना जे व्हिडिओ येतात त्यांत 'गाठ विरघळते' असे स्पष्ट म्हटलेले असते.

आपल्याकडे काय मागायचे ते आता लिहिते.

पहिली आणि सर्वांत मोठी मागणी मॉर्फिनची आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालय आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालय मान्यताप्राप्त संस्था व्हावे, आणि तिथे तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा किमान साठा कायम असावा. नुसती मान्यता भिंतीवर टांगून उपयोग नाही. कोणत्या रुग्णालयात आज किती गोळ्या आहेत, हे खात्याने दर महिन्याला जाहीर करावे. एका गोळीची किंमत काही रुपये असते, त्यामुळे हा पैशाचा प्रश्न नाही. जवळ राहणाऱ्या रुग्णाला एका वेळी दोन आठवड्यांच्या, दूरच्याला महिन्याच्या गोळ्या घरी नेता याव्यात. फेंटानिलचे पट्टे मॉर्फिनला पर्याय म्हणून पुढे करू नयेत, अशी विनंती आहे. ते महाग असतात, आणि अंग तापले किंवा उष्णता लागली की त्यांतून औषध जास्त वेगाने शिरते. मे महिन्यात टिनाच्या घरात ४५ अंशांत झोपणाऱ्या तापाच्या रुग्णाला तो पट्टा लावताना मला काळजी वाटते.

दुसरे, डॉक्टरांना आणि आम्हाला शिकवा. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाचे एक छोटे केंद्र सुरू झाले, त्यातून गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, २००८ मध्ये राज्याने धोरण आणले, आणि आज तिथे पंचायतीच्या पैशांतून नर्स घरी जाते. आपल्या राज्यातही ज्ञान कमी नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटा रुग्णालयात उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आहे. हे ज्ञान मुंबई-पुण्याच्या पुढे यायला हवे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातला एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांना प्रत्यक्ष रुग्णांजवळ बसून प्रशिक्षण द्या, आणि ते झाल्यावर वर्षभर तरी त्यांची बदली करू नका. श्वास मंदावला तर उतारा म्हणून लागणारे नॅलोक्सोन त्यांच्या कपाटात असावे, ते कधी द्यायचे आणि कधी द्यायचे नाही हेही त्यांना यावे. आणि नियमाप्रमाणे मॉर्फिन लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी खाते उभे राहील, असे एक परिपत्रक काढा. या एका कागदाने फार फरक पडेल असे मला वाटते.

तिसरे, अन्न व औषध प्रशासनाने विजया तेलांच्या बाटल्या बाजारातून उचलून तपासाव्यात. आत नशा आणणारा घटक किती आहे, सीबीडी किती आहे, लेबलावर लिहिले आहे तेवढे आहे का, हे लोकांना कळू द्या. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्यांवर खटले भरा.

आणि ज्यांना गांजाच्या औषधी उपयोगाबद्दल मनापासून वाटते, त्यांच्याशीही दार बंद करू नका. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले होते. मग आपल्याच एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आयुर्वेदाचे आणि आधुनिक वैद्यकाचे लोक मिळून नीट चाचणी का करू नयेत? मोजलेली मात्रा, निम्म्यांना साधे तेल, आणि प्रत्येकाला आधी पुरेसे मॉर्फिन. हा शेवटचा भाग माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मॉर्फिन न मिळालेल्या माणसावर गांजाची चाचणी घेणे म्हणजे त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणे होईल. केमोच्या ओकाऱ्यांत, शेवटच्या काळातल्या झोपेत, नसांच्या जळजळीत जर खरोखर उपयोग दिसला, तर ते औषध सरकारी दवाखान्यातून, तपासलेल्या बाटलीतून, फुकट मिळावे. मी स्वतः ते रुग्णाला आनंदाने देईन.

आमच्या भागातल्या ज्या रुग्णांना आज मॉर्फिनची गरज आहे, त्यांची तालुकावार यादी आमच्या संस्थेकडे तयार आहे. तिच्यातले बरेच जण पुढच्या अधिवेशनापर्यंत नसतील. म्हणून धोरण ठरेपर्यंत थांबू नये, अशी विनंती आहे. निदान ज्या जिल्हा रुग्णालयांना आधीच मान्यता आहे, त्यांना या महिन्याची मागणी नोंदवण्याचे आदेश द्यावेत. आपल्या कार्यालयाने कळवले तर यादी घेऊन मी नागपूरला किंवा मुंबईला, म्हणाल तिथे येते.

कळावे,

आपली विश्वासू,
पूर्व विदर्भात घरोघरी रुग्णसेवा करणारी एक परिचारिका